पटावरची मुलं

३० सप्टेंबर जवळ आला की माझा जीव टांगणीला लागतो. त्या दिवसाच्या पटावर शाळेची संचमान्यता ठरते. किती मुलं, त्यावर किती शिक्षक, आणि त्यावर शाळेला पुढे किती आयुष्य. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात हा हिशेब सरळ मांडलेला आहे: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, दीडशेच्या वर मुलं असली तर वेगळा मुख्याध्यापक. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं आपल्या राज्यात संचमान्यतेचे निकष आणखी कडक झाले. मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो तिच्याच संस्थेचा आता सदस्य आहे. माझं मुख्य काम म्हणजे मुलं मोजणं. आकडा वर गेला की मला आनंद होतो.

हा आनंद कसला, हे मी फार दिवस तपासलं नाही. मुख्याध्यापिका बाई पाठवतात त्या यादीत एक रकाना असतो, आधार वैध की अवैध याचा. आधार जुळलं नसेल तर मूल रोज वर्गात बसूनही संचमान्यतेत धरलं जात नाही. किती जणांचं जुळायचं बाकी आहे तो आकडा मला तोंडपाठ असायचा. त्यातल्या एकाही मुलाचं नाव मात्र माहीत नसायचं. मी बाईंना फोन करायचो, "त्या आयांच्या मागे लागा हो, गावी निघून गेल्या तर बसलो आपण." त्या आया दिवसाची मजुरी बुडवून आधार केंद्रावर रांगेत उभ्या राहणार आणि जन्मतारखेचा कागद नाही किंवा नावातलं एक अक्षर जुळत नाही म्हणून परत येणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे शिक्षकाचं एक पद होतं, आणि त्या पदापुढे आई दिसत नव्हती.

याहून वाईट सांगायचं तर २०२४ चंच. ९ फेब्रुवारीला सरकारनं नियम बदलला. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिच्यावर शिक्षणहक्क कायद्यानं गरीब मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचं बंधन राहणार नव्हतं. टीकेची झोड उठली. मीही चारचौघांत "हा अन्याय आहे" असं म्हणालो. मनात मात्र लगेच नकाशा उलगडला होता. आमच्यापासून किलोमीटरच्या आत दोन इंग्रजी शाळा आहेत. तिथं ज्यांना दार बंद होणार ती पोरं जाणार कुठे? आपल्याकडेच की. १९ जुलैला उच्च न्यायालयानं तो बदल रद्द ठरवला तेव्हा तोंडानं "बरं झालं" म्हणालो, आणि आत कुठेतरी चुटपुट लागली. एखाद्या मजुराच्या मुलीला तिच्या आईबापांनी निवडलेल्या शाळेत जागा मिळू नये, म्हणजे माझी शाळा टिकेल. हे मी स्पष्ट शब्दांत मनाशीही बोललो नाही, पण हवं मात्र हेच होतं. शाळेवरचं प्रेम म्हणून ज्याचा मी इतकी वर्षं गवगवा केला, ते हेच का?

शाळेचं नाव सांगत नाही. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातली एक अनुदानित मराठी प्राथमिक शाळा, एवढं पुरे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भोसरी, चिंचवड, आकुर्डीकडे खेड्यापाड्यांतून माणसं लोटली. इथली नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. आमची शाळा या दोन सालांच्या मधली. सुरू करणाऱ्यांत कारखान्यांतले फोरमन होते, एक-दोन निवृत्त मास्तर होते. पत्र्याच्या खोल्या, शेणानं सारवलेली जमीन, आणि खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून, सोलापूरकडून आलेल्या कामगारांची पोरं. त्यांतलाच मी एक.

आज त्या पोरांपैकी बरेचसे प्राधिकरणात, वाकडला, काही तर पार परदेशात आहेत. आमची मुलं इंग्रजी शाळांत शिकली. माझी मुलगीही. ते मी कधी लपवलं नाही, पण मराठी शाळा वाचवण्यावर बोलताना तो विषय कधी काढलाही नाही. कार्यकारिणीतल्या एकाही सदस्याचं नातवंड या शाळेत नाही. आमच्यात एक न बोललेली समजूत आहे: शाळा टिकली पाहिजे, फक्त ती दुसऱ्यांच्या मुलांनी टिकवावी.

आणि दुसऱ्यांची मुलं आली. २००१ ते २०११ या एका दशकात या शहराची लोकसंख्या सुमारे १० लाखांवरून १७ लाखांच्या पुढे गेली, त्यानंतरही ती वाढतच राहिली. ज्या चाळींत आम्ही वाढलो तिथल्या खोल्यांत आता उत्तर प्रदेशातली, बिहारमधली कुटुंबं राहतात. बांधकामांवर कलबुर्गी, यादगीरकडून आलेले लोक आहेत. बंजारा तांड्यांवरून आलेले आहेत. सोसायट्यांच्या वॉचमनच्या खोलीत नेपाळी कुटुंब असतं. बीड, लातूर, नांदेडची मुलंही आहेतच, पण हजेरी घेताना बाईंना आता जिभेला बरीच नवी वळणं द्यावी लागतात.

माझा क्षुद्रपणा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो बक्षीस समारंभात. मी व्यासपीठावर बसलेला असतो, नावं पुकारली जातात, आणि मध्येच एखादं पाटील, एखादं कांबळे ऐकू आलं की मला जरा बरं वाटतं. त्या मुलाच्या पाठीवर थाप किंचित जास्त जोरात पडते. कुणाच्या लक्षात येत नसेल, माझ्या येतं. एका संमेलनात तिसरीतल्या मुलींनी भोजपुरी गाण्यावर नाच केला. गाणं छठपूजेचं होतं, त्यात वावगं काहीच नव्हतं. तरी मी शेजारच्या सदस्याच्या कानाशी लागलोच, "आपल्या शाळेत?" कोळीगीतावर नाच झाला तेव्हा असं विचारलं नव्हतं. आमच्या पट्ट्यात कोळी किती, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

शाळा बदलली, पण ती आम्ही बदलली नाही. संस्थेच्या इतिवृत्तात त्याचा ठराव सापडणार नाही. बदलली ती बाईंनी आणि दोन-तीन शिक्षकांनी, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला मी आधी नाक मुरडलं.

पालकसभेचंच घ्या. वर्षानुवर्षं ती शनिवारी शाळा सुटल्यावर व्हायची. दहा-बारा आया यायच्या, आणि "या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही" असं मी मोठ्या अधिकारानं म्हणायचो. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारी असते. हे या गावात कुणाला सांगावं लागतं? मला! माझे वडील एका वर्कशॉपात होते आणि त्यांची सुट्टी गुरुवारचीच. माझं प्रगतिपुस्तक त्यांनी शाळेत येऊन कधी पाहिलं नाही, कारण शनिवारी ते लेथवर असायचे. बाईंनी सभा गुरुवारी संध्याकाळी घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी "शिक्षकांवर ताण येईल" म्हणालो. सभेला बाप येऊ लागले. पालकांना पडलेलं नाही, हे वाक्य मी त्यानंतर बोललो नाही. मागे मात्र घेतलं नाही, नुसतं वापरणं थांबवलं.

मग धाकटी भावंडं. चौथीतली मुलगी अडीच वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. तसं येऊ द्यायचं नाही हा नियम आम्हीच केलेला. नियम पाळला गेला, मुलगी घरी राहिली. बाईंनी पुढे नियम न मोडता त्याकडे काणाडोळा केला. पहिलीच्या वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात चटई पडली आणि तिथं दोन-तीन लहानगी लोळू लागली. मी पाहायला गेलो तो तक्रार करायच्या तयारीनं. तेव्हा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवायला हव्या होत्या, पण त्या आठवल्या घरी आल्यावर, खुर्चीत बसून. बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू करून पुढे कोसबाडला गेलेल्या या दोघी. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यायची, असं म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. या गोष्टीवर मी एका व्याख्यानमालेत बोललोसुद्धा आहे. श्रोत्यांना फार आवडली होती. दीड-दोनशे किलोमीटरांपलीकडचं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं धाडस मला भावतं, आणि माझ्याच शाळेतली चटई खुपते. याला काय म्हणायचं?

येण्याजाण्याचं तर विचारूच नका. मूल नोव्हेंबरात येतं, होळीला गावी जातं, गहू कापून झाल्यावर परततं, कधी परततच नाही. दाखला हातात नसतो. शिक्षणहक्क कायदा सांगतो की दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून त्याची कसर भरून काढायची. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आमच्या कार्यालयातली 'दाखल्याशिवाय प्रवेश नाही' ही पाटी त्यानंतरही कितीतरी वर्षं भिंतीवर होती, आणि ती तिथं आहे हे मला ठाऊक होतं. आता स्थलांतर करणाऱ्या मुलाला बाई शिक्षण हमीपत्रक देतात, जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं म्हणून. बिहारमधल्या कुठल्या गावात ते कुणी वाचतं का, कोण जाणे. पण पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून नेलं जातं, हे त्या सांगतात.

इथवर जे लिहिलं ते अजून सोपं होतं. अडचण पुढे आहे.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आली. महाराष्ट्रात रान पेटलं. मी सभांना गेलो, सह्या केल्या, एका ठिकाणी बोललो. माझा मुद्दा असा होता, आणि अजून आहे, की सहा वर्षांच्या मुलावर त्याच्या घरात नसलेली भाषा लादणं हे शिक्षणशास्त्रात बसत नाही. मूल जे बोलतं तिथून शिकायला सुरुवात करतं. २९ जूनला सरकारनं तो निर्णय मागे घेतला. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी काही कामानं शाळेत गेलो. पहिलीच्या वर्गात एक मुलगा वाचत होता. वाचत होता म्हणजे धड्याच्या ओळी धाडधाड म्हणत होता. मी बाईंकडे कौतुकानं बघितलं. त्यांनी त्याला विचारलं, "यात मांजर कुठं गेलं?" मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोडक्या हिंदीत. त्यानं ताडकन उत्तर दिलं, तेही हिंदीत नाही, त्याच्या घरच्या मैथिलीत, असं बाईंनी मला मागाहून सांगितलं.

बाई म्हणाल्या, लिपी एकच असल्यानं फसायला होतं. घरी मोठ्या भावानं हिंदी बाराखडी गिरवून घेतलेली असते, म्हणून मूल मराठी पानही वाचून दाखवतं. 'ळ' तेवढा अडतो. तपासायला आलेला माणूस खूश होऊन जातो. मूल मात्र काही न समजता सहा-सहा महिने वर्गात बसून राहतं, आणि ते गप्प असतं म्हणून शहाणं समजलं जातं.

तपासायला येऊन खूश होऊन जाणारा माणूस मीच. पण खरा काटा दुसराच होता. कालपर्यंत मी जे व्यासपीठावरून सांगत होतो, त्याच्या नेमकं उलट माझ्या शाळेत चाललं होतं. घरात नसलेली भाषा, पहिलीपासून, सगळ्या विषयांना. आणि मी त्याला काय म्हणत होतो? मराठी शाळा वाचवणं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते कलम मी माझ्या भाषणांत आवर्जून सांगतो. ते कुणाच्या मुलासाठी आहे? फक्त माझ्या? आणि माझीही मुलगी त्या कलमाच्या बाहेरच शिकली.

मग काय करायचं? त्या मुलांना हिंदी शाळेत पाठवायचं? महापालिकेच्या काही शाळा हिंदी माध्यमाच्या आहेतही. पण त्या या वस्तीपासून लांब, आणि मैथिली किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला हिंदी तरी घरची कुठे आहे? ती शेजारची. कन्नड, बंजाऱ्यांची गोरबोली, नेपाळी यांची वाट तर आसपास कुठेच नाही. आणि ज्याला इथंच राहायचं आहे, इथल्या दुकानात, दवाखान्यात, कचेरीत बोलायचं आहे, त्याला मराठीपासून लांब ठेवणं हा दुसरा अन्याय नाही का? मराठी आलीच पाहिजे. २०२० च्या कायद्यानं ती राज्यातल्या सगळ्या शाळांत सक्तीची आहे आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. माझी मराठीची बाजू सुटलेली नाही. सुटली असती तर हे लिहिणं इतकं अवघड गेलं नसतं.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का, हे मी बाईंच्या वर्गात बसून पाहिलं. त्या पहिलीला पहिले काही महिने जवळजवळ लिहायला लावत नाहीत. मूल आपल्या बोलीत गोष्ट सांगतं, कुणीतरी मोठं मूल ती मराठीत सांगतं, बाई फळ्यावर एकच वाक्य लिहितात. चौथीतली मुलं दुभाष्याचं काम करतात आणि त्यांना त्याची ऐट असते. चूक झाली तर त्या थांबवत नाहीत, बरोबर वाक्य स्वतः एकदा म्हणतात आणि पुढे जातात. वर्गात गोंगाट असतो. मला शिस्तीच्या नावानं जो कोरा सन्नाटा आवडायचा, तो या वर्गात नाही. हे सगळ्यांना जमेल का, शिक्षक बदलला तर टिकेल का, संचमान्यतेत ही बाई अतिरिक्त ठरली तर काय, या कशाचीच मला खात्री नाही. पण मराठी शिकवायची तर मुलाची बोली आधी गप्प करावी लागते, असं जे मी धरून चाललो होतो, ते तरी खोटं होतं.

ते माझ्या मनात कुठून आलं असावं?

आमच्या घरात अहिराणी बोलत. आईवडील धुळे जिल्ह्यातले. मी पहिलीत गेलो तेव्हा 'इथे'ला 'आठे' आणि 'तिथे'ला 'तठे' म्हणायचो. वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. वाईट मनानं नाही हसायचे, पण हसायचे. मी फार लवकर शिकलो. इतका लवकर, की दुसरीत माझं वाचन सगळ्या शाळेपुढे घेतलं गेलं. माझ्या आयुष्यातल्या यशाची सुरुवात मी तिथून सांगतो. जे सांगत नाही ते असं की आई एकदा शाळेत डबा द्यायला आली, दारातून मला हाक मारून अहिराणीत काहीतरी म्हणाली, आणि मी वळून पाहिलंच नाही. डबा शिपायानं आणून दिला. घरी ती काही बोलली नाही. नंतर मात्र मी तिला सांगून टाकलं, शाळेत येऊ नकोस. ती आली नाही. स्नेहसंमेलनालाही नाही, मला बक्षीस मिळालं तेव्हाही नाही.

पुढे मी शुद्ध मराठीचा कैवारी झालो. शाळेनं मला काय दिलं यावर मी स्मरणिकेत लेख लिहिलेत. त्या बदल्यात काय घेतलं हा हिशेब कधी मांडला नाही, कारण मांडला तर शाळेवर आरोप होईल असं वाटायचं. आता वाटतं, शाळेनं एवढंही मागितलं नव्हतं. गुरुजी हसले, पुढचं सगळं मी माझ्या हातानं केलं. आणि तोच मी इतक्या वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या मुलांनी घरची भाषा फाटकाबाहेर ठेवून आत यावं, अशी अपेक्षा करत व्यासपीठावर बसलो होतो. मी बाहेरचा होतो हे मी विसरलो होतो का? की विसरलेलं नव्हतं, म्हणूनच आत येणाऱ्या नव्या माणसाकडे इतक्या बारकाईनं बघत होतो? दुसरं खरं असावं असं वाटतं. आगगाडीच्या डब्यात घुसून जागा मिळवलेला माणूस पुढच्या स्टेशनावर दार आतून धरून उभा राहतो, तसं काहीसं.

आपल्या पश्चात्तापाचं कौतुक करून घ्यायची मला चांगली सवय आहे, तिचाही समाचार एका आईनं घेतला. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे ही समिती वर्षानुवर्षं सह्यांपुरती होती. सभा गुरुवारी सरकल्यापासून ती जरा बोलू लागली. तिच्यात एक आई आहे, पॅकिंगच्या कामाला जाते. तिची तीन मुलं आमच्याकडे. मी नव्यानं मृदू झालेलो. तिला विचारलं, तुम्ही मुलांसाठी मराठी शाळा का निवडली? खरं सांगू, मला एक सुंदर उत्तर हवं होतं. या मातीची भाषा, वगैरे. पुढच्या भाषणात घालता आलं असतं. ती म्हणाली, "पास पडता है. और खाना मिलता है." मी थांबलो, अजून काही येईल म्हणून. काही आलं नाही. मग तिनं मलाच विचारलं, शाळा साडेबाराला सुटते, आम्ही सहाला येतो, तोवर पोरं रस्त्यावर असतात, त्याचं तुम्ही काय करणार?

त्याचं आम्ही काही करणार नव्हतो. आम्ही कमान करणार होतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी गोळा झाला आहे. बरा जमलाय. दगडी कमान, तीवर शाळेचं नाव, आत संस्थापकांचे अर्धपुतळे आणि एक रंगीत स्मरणिका, असा बेत ठरलेला. कमानीची कल्पना माझीच. तिच्यावर भांडून मी बहुमत मिळवलं होतं. समितीतल्या आयांनी अर्ज दिला आहे, अंगठे आणि सह्या मिळून बराच मोठा: दुपारी दोन खोल्या संध्याकाळी सहापर्यंत उघड्या ठेवा, कुणीतरी एक माणूस बसवा, अभ्यास नाही घेतला तरी चालेल. खजिनदार म्हणतात, पगाराचा कायमचा खर्च ओढवून घेणं परवडणार नाही, देणगी एकदाच येते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. विमा, जबाबदारी, मूल पडलं-झडलं तर काय, हे प्रश्नही खरे आहेत. आधीचा मी असतो तर या खऱ्या प्रश्नांच्या आडोशाला आनंदानं बसलो असतो. आजही तो आडोसा मला दिसतो, आणि मोह होतो.

मी देणगीदारांना पत्र लिहिलं. कमान तूर्त नको, निधीतला मोठा भाग ठेवीत घालून व्याजावर दुपारची सोय चालवू, आपली संमती कळवा. लिहिताना दोनदा थांबलो. एकदा वाटलं, हे मी त्या मुलांसाठी करतोय की पुन्हा एकदा सभागृहात भलं दिसण्यासाठी? ठरवता आलं नाही. पत्र तसंच पाठवून दिलं. कारण शुद्ध झाल्यावरच हात हलवायचा म्हटलं, तर पोरं आणखी किती वर्षं रस्त्यावर राहतील याचा अंदाज येईना.

बरीच उत्तरं आली. काहींनी लगेच हो म्हटलं, तीही ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशांनी. एकानं पैसे परत मागितले. माझ्याच बाकावर बसणारा एक मित्र, आता अमेरिकेत असतो, त्यानं सगळ्यांत मोठी रक्कम दिली आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं: "या मुलांत आपली किती आहेत?" त्याचे वडील माझ्या वडिलांबरोबर एकाच वर्कशॉपात होते, तेही धुळ्याकडचे. त्याची आईही शाळेत यायची नाही. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. त्याला आता जे लिहायचं, त्याची सुरुवात बहुधा तिथूनच करावी लागेल, आणि त्यानंतर तो पैसे ठेवील की काढून घेईल, हे मला सांगता येत नाही.